पंधरा वर्षांनी परत बुलेट मारायचीय? दादा, आधी डाव्या पायाचं बघा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय 47, कॉलेजपासनं 2010 पर्यंत वडिलांची 1988 ची बुलेट मारली, मग पुण्याला नोकरी, कार, पोरांच्या शाळा, आणि आता कोल्हापुरात कायमचं परत आल्यावर त्याच कंपनीची नवी क्लासिक 350 घ्यायची आणि दसऱ्याला वहिनींना मागं बसवून पन्हाळ्याला जायचं. विचारलंय असं, की एकदा शिकलेली गाडी माणूस विसरत नाही म्हणतात, मग शोरूममधनं सरळ मारत घरी आणू का परत शिकायला पायजे. मी सव्वीस वर्षं उद्यमनगरात गाड्यांचंच काम करतोय आणि गेली दहाएक वर्षं रविवारी सकाळी, लई दिवसांनी गाडीवर बसणाऱ्या लोकांचा हात बसवून देतोय, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

माणूस विसरत नाही हे खरं आहे. बॅलन्स, क्लच सोडायची पद्धत, गियर कधी टाकायचा हे सगळं दहा मिनिटांत परत येतंय, मी शंभर जणांचं बघितलंय. पण तुमच्या बाबतीत अडचण नेमकी तीच आहे, की तुमचा पाय विसरलेला नाही. जुन्या बुलेटला गियर उजव्या पायात होता आणि ब्रेक डाव्या पायात, पहिला गियर वर उचलायचा आणि बाकीचे तीन खाली दाबायचे. आताच्या गाडीला सगळं उलटं, गियर डाव्या पायात, पहिला खाली आणि बाकीचे चार वर, ब्रेक उजव्या पायात. तुम्ही म्हणाल एवढं तर माहिताय, ध्यानात ठेवीन. ध्यानात राहतंय, निवांत चालवताना सगळ्यांच्याच राहतंय. दचकल्यावर राहत नाही.

गेल्या वर्षी पाऊस संपल्यावर एक रिटायर मास्तर आले होते, वय 61, तुमच्यासारखीच जुनी बुलेट मारलेले, पुतण्याची नवी क्लासिक घेऊन. शेंडा पार्कच्या मोकळ्या रस्त्यावर पहिल्या दोन फेऱ्या अशा मारल्या की मला वाटलं ह्यांना आपण काय शिकवायचं, पाठ ताठ, हात सैल, गियर लोण्यासारखे पडत होते. तिसऱ्या फेरीला तिसऱ्या गियरात 35-40 च्या स्पीडला असताना झुडपातनं एक कुत्रं आडवं आलं. मी वीस-पंचवीस पावलांवर उभा होतो, मला त्यांचा डावा पाय स्पष्ट दिसला. पंजा खच्चून खाली दाबला, ब्रेक दाबावा तसा. तिथं ब्रेक नव्हता, गियर होता. गाडी तिसऱ्यातनं दुसऱ्यात पडली, इंजिन किंचाळलं, मागचं चाक एकदा बाजूला झटकलं आणि गाडी काही थांबली नाही, कुत्रंच पळालं म्हणून वाचलं. मास्तर पुढं जाऊन थांबले, स्टँड लावला आणि मला म्हणाले, "मी ब्रेक दाबला होता की." त्यांना खरंच तसं वाटत होतं. तीस वर्षांपूर्वी जो पाय शिकला होता त्यानं त्याचं काम चोख केलं होतं, फक्त गाडी दुसरी होती.

म्हणून तुमचा पहिला आठवडा इंजिन बंद ठेवून. गाडी घरी आणायला एखाद्या जाणत्या माणसाला घेऊन जा, तोच मारत आणू दे. मग मेन स्टँडवर लावायची, हेल्मेट आणि बूट घालून वर बसायचं (चपलेत आणि बुटात पायाला वेगळं लागतंय, म्हणून बूट घालूनच), आणि रोज पंधरा मिनिटं एकच काम, घरातल्या कुणाला तरी बाजूला उभं करायचं, त्यानं मधेच टाळी वाजवायची आणि टाळी वाजली की उजवा हात पुढच्या ब्रेकवर, उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा हात क्लचवर, आणि डावा पाय जागचा हलवायचा नाही. तेवढंच. पोरांना सांगा टाळी वाजवायला, त्यांना मजा वाटते आणि कधी वाजवतील ते तुम्हाला कळत नाही, तेच पायजे असतंय. मास्तरांनी हे बारा दिवस केलं, त्यानंतर मी मैदानात त्यांच्यासमोर अचानक रिकामं खोकं फेकलं तर डावा पाय जागेवर राहिला. रस्त्यावर जायला मी त्या दिवशी हो म्हणलं.

ज्यांनी स्प्लेंडर मारली आहे त्यांचं थोडं वेगळं, तिथं सगळे गियर पंजानं खाली दाबत जायचं असतंय, म्हणजे नव्या गाडीवर तिसऱ्यातनं चौथा टाकायला जातात आणि पडतोय दुसरा. त्यांना पण हीच बसून करायची प्रॅक्टिस सांगतो.

आता वजनाचं. क्लासिक 350 पेट्रोल-ऑइल धरून 195 किलो आहे. चालू गाडीवर हे वजन जाणवत नाही, उलट गाडी रस्त्याला चिकटून चालल्यासारखी वाटते आणि माणसाला आत्मविश्वास येतोय. जाणवतंय ते पार्किंगमधनं मागं ओढताना, उतारावर वळवताना, दारातल्या वाळूत एक पाय घसरल्यावर. माझ्याकडं परत सुरुवात केलेल्यांच्या ज्या गाड्या दुरुस्तीला येतात त्यातल्या बहुतेक चालता चालता पडलेल्या नसतातच, उभ्याउभ्या किंवा चालण्याच्या वेगात आडव्या झालेल्या असतात, क्लचचा लिव्हर वाकलेला, आरसा फुटलेला, आणि मालकाची कंबर धरलेली. गाडी पडायला लागली आणि एका मर्यादेपलीकडं कलली तर सोडून द्या, बाजूला व्हा, लिव्हर नवा मिळतोय, कमरेतली चकती नाही. आणि उचलताना हँडलला धरून कंबर वाकवून ओढायचं नाही, पाठ गाडीकडं करायची, गुडघ्यात बसायचं, एका हातानं हँडल, एका हातानं सीटखालचा पाईप, आणि पायाच्या जोरावर मागं मागं चालत उभी करायची.

मोकळ्या जागेत पहिलं काम म्हणजे हळू चालवणं. लोक म्हणतात हळू तर कुणीपण चालवतंय. चालवून बघा. हाफ क्लचवर, मागचा ब्रेक हलका दाबून ठेवून, चालत्या माणसाच्या वेगानं पन्नास पावलं सरळ रेषेत पाय न टेकता. मग चार विटा ठेवून आठाचा आकडा. ह्यात पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक लागला की गाडी धपकन आत पडते. आणि नजर जिकडं जायचंय तिकडं, मान वळवून, पुढच्या चाकाकडं अजिबात बघायचं नाही. हे नजरेचं सांगून कुणाला पटत नाही, करून बघितलं की पटतंय. तुम्ही विटेकडं बघितलं की चाक विटेवरच जातंय, घाटात समोरनं आलेल्या ट्रककडं बघत बसलं की गाडी ट्रककडंच ओढली जाते, मैदानात विटेवर हे कळलेलं बरं.

दुसरं आणि सगळ्यात मोठं काम ब्रेकचं, ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आपल्या पिढीला हे चुकीचंच शिकवलंय. "पुढचा ब्रेक दाबू नको, उलटा होशील" हे आपल्याला सगळ्यांना वडिलांनी, मामानं, गल्लीतल्या दादानं सांगितलेलं. तेव्हाच्या गाड्यांना पुढं ड्रम, टायर बारीक, रस्त्यावर खडी, त्यामुळं त्यांचं अगदीच चूक नव्हतं, पण त्यामुळं आपण आयुष्यभर पायानं थांबलो. गाडी थांबायला लागली की सगळं वजन पुढच्या चाकावर येतंय, मागचं चाक हलकं होतंय, आणि हलक्या चाकाला कितीही ब्रेक मारला तर ते फक्त घासत जाणार. म्हणून कोरड्या डांबरावर थांबायची निम्म्याहून जास्त ताकद पुढच्या ब्रेकात असते, सत्तर टक्क्यांच्या आसपास धरा. एकट्या मागच्या ब्रेकवर थांबायला साधारण दुप्पट अंतर लागतंय. 60 च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते, म्हणजे तुम्हाला बघून, कळून, हात लिव्हरवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर तेवढं अंतर ब्रेक लागायच्या आधीच संपलं. आणि स्पीड दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतंय, 30 आणि 60 मधला फरक दुप्पट वाटतो तो काट्यावर, रस्त्यावर नाही.

उलटा कोण होतंय? जो झटक्यात लिव्हर आवळतो तो. आधी हलकं दाबून गाडीचं नाक खाली बसू द्यायचं, पुढचा शॉकॲब्झॉर्बर दबला की टायर रस्त्याला दाबला जातोय, मग जोर वाढवत न्यायचा. ओला टॉवेल पिळतो तसा, गाठ आवळतो तसा नाही. 30 च्या स्पीडला वीस वेळा, मग 40 ला वीस वेळा, मग 50. दर वेळी कुठं थांबला तिथं खडूनं रेघ मारा. दोन रविवारात ती रेघ किती अलीकडं येते ते बघा, मला दर वेळी ते बघायला आवडतंय, माणसाच्या तोंडावर कळतंय की आता ह्याला गाडी थांबवता येते.

तुम्ही गाडी सोडली तेव्हा आपल्याकडच्या गाड्यांना एबीएस जवळजवळ नव्हताच. एप्रिल 2019 पासनं 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना तो सक्तीचा झालाय. चाक लॉक व्हायला लागलं की तो ब्रेक सोडतोय-धरतोय-सोडतोय, सेकंदात कितीतरी वेळा, आणि तेव्हा हातातला लिव्हर आणि पायाखालचं पॅडल थडथड थडथड करतंय. पहिल्यांदा हे झालं की माणूस घाबरतोय, काहीतरी तुटलं वाटून हात सोडून देतोय, आणि नेमकं तेव्हाच सोडायचं नसतंय. म्हणून गाडीच्या मागच्या चाकाला पण एबीएस असेल तर मैदानात थोडी बारीक खडी असलेल्या जागी मागच्या ब्रेकनं ती थडथड मुद्दाम अनुभवून घ्या, सरळ रेषेत, 25-30 च्या स्पीडला. आणि एबीएस आहे म्हणून चिखलात वळणावर ब्रेक मारला तर तो वाचवेल असं समजू नका, त्याला टायरखाली जेवढी पकड आहे तेवढीच वापरता येते, नसलेली आणता येत नाही.

बाकी नव्या गाडीत घाबरण्यासारखं काही नाही. चोक नाही, पेट्रोलचा कॉक नाही, ॲमिटरचा काटा बघत किक मारायचं गेलं, किकच गेली, बटन दाबायचं. साईड स्टँड खाली असला आणि गियर टाकला तर गाडी बंद पडते, ती बिघडली असं समजून गॅरेजला ढकलत आणू नका, असे दोघं माझ्याकडं आलेत. हेडलाईट दिवसा बंद होत नाही, 2017 पासनं सगळ्याच गाड्यांना तसं आहे, समोरनं येणारे लोक हाताचा पंजा उघड-मिट करून दाखवतील, लक्ष देऊ नका. बॅटरी मात्र सांभाळा, आता तिच्याशिवाय गाडी सुरूच होत नाही, आठवड्यात एकदा तरी अर्धा तास चालवा.

आता कारच्या सवयीबद्दल. पंधरा वर्षं तुम्ही स्टेअरिंगवर आहात, ट्रॅफिकची समज तुम्हाला चांगली असणार, ते फायद्याचंच. पण कारमध्ये माणूस गाड्यांकडं बघतोय, रस्त्याकडं नाही. डांबराचा रंग बदललाय का, कडेला माती आलीय का, गटाराचं झाकण आहे का, समोरच्या टेम्पोतनं काय गळतंय का, हे कारवाल्याला बघायची गरज पडत नाही आणि ती नजर मरते. ती परत यायला माझ्या मते हजारएक किलोमीटर जातात. आणि डोळे तपासा दादा, खरंच तपासा. 45 नंतर जवळचं दिसत नाही हे लक्षात येतंय, पण रात्री समोरच्या लाईटनंतर अंधारात परत दिसायला जास्त वेळ लागतोय हे लक्षात येत नाही. पहिले दोन महिने अंधार पडायच्या आत घरी.

मी स्वतः एकदा दहा महिने गाडीपासनं लांब होतो, 2016 साली, गॅरेजच्या माळ्यावरनं पडून उजवा घोटा मोडला होता. बरा झाल्यावर जानेवारीत पहिल्यांदा लांब गेलो, राधानगरी रोडला, दुपारी चारची वेळ, उसाचा सीझन जोरात. पुढं ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, वर ऊस एवढा की ड्रायव्हर दिसत नव्हता. लांबनं एक पांढरी कार येत होती आणि मला वाटलं आरामात जाईन. ह्या अंदाजावर मी वीस वर्षं जगलो होतो. पहिली ट्रॉली मागं टाकली आणि कार एकदम मोठी दिसायला लागली, दुसऱ्या ट्रॉलीच्या बरोबरीला आलो आणि मागं जायला जागा नाही, पुढं जायला वेळ नाही, मी ट्रॉलीला इतका चिकटलो की बाहेर आलेल्या एका कांडक्यानं डावा आरसा उडवला, काच माझ्या मांडीवर पडली. कारवाल्यानं कडेला मातीत गाडी घातली म्हणून मी आज हे लिहितोय. पुढं पाचशे मीटरवर झाडाखाली थांबलो, हात इतके थरथरत होते की हेल्मेटचा पट्टा निघत नव्हता. हातपाय सगळे बरोबर चालले होते, चुकला तो अंदाज, आणि अंदाज वापरात नसला की गंजतोय हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

नंतर बसून हिशोब केला तो तुम्हाला देतो. ट्रॅक्टर 25 नं चाललाय, तुम्ही 40 नं, म्हणजे फरक 15 चा, सेकंदाला चार मीटर. दोन ट्रॉल्यांची लांबी आणि मागचं-पुढचं अंतर धरून 40 मीटर कापायला दहा सेकंद. त्या दहा सेकंदात तुम्ही 110 मीटर पुढं जाता आणि समोरची 60 नं येणारी कार 165 मीटर. म्हणजे पावणेतीनशे मीटर रस्ता रिकामा दिसला पायजे, फक्त जेमतेम सुटायला. पहिले हजार किलोमीटर डबल ट्रॉलीच्या मागं निवांत चाला, पन्नास फूट अंतर ठेवून, ती उजवीकडं कधी वळेल सांगता येत नाही आणि मागं लाईट असेलच असं नाही. सीझनमध्ये पाचटाचा पाला रस्त्यावर पडलेला असतोय, वळणावर त्यावरनं जाताना ब्रेक आणि रेस दोन्ही शांत ठेवायची. शेतातनं ट्रॅक्टर डांबरीवर आला की टायरची माती पंधरा-वीस फूट रस्त्यावर सांडते, कोरडी असताना काही नाही, पहिल्या पावसाच्या शिंतोड्याला तेच साबण होतंय.

रस्ते कुठल्या क्रमानं घ्यायचे विचारलंय. पहिले दोन आठवडे सकाळी सहाला, घर ते रंकाळा, रंकाळ्याला चक्कर, परत. मग कळंबा. मग ट्रॅफिकची सवय म्हणून सायबर चौक, दाभोळकर कॉर्नर, कावळा नाका, पण सकाळी दहाच्या आधी, आणि गवळ्यांच्या म्हशी रस्त्यावर असतील त्या वेळी हॉर्न न वाजवता मागं थांबायचं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शिवाजी पूल ओलांडून केर्लीपर्यंत आणि तिथनं ज्योतिबा, मधल्या वारी. रविवार हा ज्योतिबाचा वार, त्या दिवशी डोंगरावर गर्दी असते आणि वळणावर गुलाल सांडलेला असतोय, त्यावर पाणी पडलं की घसरतंय. त्यानंतर एकट्यानं पन्हाळा. रत्नागिरी रोडला चौपदरीकरणाच्या कामात आज इथनं वळवलंय उद्या तिथनं असं चालू असतंय, ओळखीचा रस्ता समजून जाऊ नका, तुमच्या डोक्यातला रस्ता 2010 चा आहे. हायवे सगळ्यात शेवटी, कागल-सातारा पट्ट्यात सहापदरीकरणाचं काम आणि डायव्हर्शन, आणि तिथल्या ट्रकच्या वाऱ्यानं हलकं शरीर हलतंय. गगनबावडा, आंबोली धुक्यातलं सुंदर आहे, पुढच्या वर्षी.

कागदांचं थोडक्यात. कारसाठी लायसन्स रिन्यू केलं असेल, पण कार्डावर एमसीडब्ल्यूजी लिहिलंय का बघा, ते गियरच्या दुचाकीचं असतंय, नुसतं कारचं असलं तर बुलेट मारणं म्हणजे विनालायसन्स, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच बघतात. लायसन्स संपून एक वर्षाच्या वर झालं असेल तर आता परत टेस्ट द्यावी लागते, आणि चाळिशीनंतर डॉक्टरचा फॉर्म 1-ए लागतो.

वडिलांची 1988 ची गाडी अजून शेडमध्ये आहे लिहिलंय. विकू नका, पण शिकायची गाडी ती नाही. एकाच वेळी दोन उलट्या पायांच्या गाड्या चालवल्या तर पाय कधीच नीट बसणार नाही. सहा महिन्यांनी काढा, टाकी-कार्बोरेटर साफ करून, सगळे पाईप आणि टायर-ट्यूब बदलून. टायरवर चार आकडे असतात, 3214 म्हणजे 2014 सालातला 32 वा आठवडा, नक्षी नवी दिसली तरी पाच-सहा वर्षांपलीकडचा रबर कडक होतोय. आरसी पण बघा, 15 वर्षांनंतर रिन्यू करावी लागते आणि मग दर 5 वर्षांनी. आणि पैसे वाचवायला सेकंडहँड क्लासिक घेणार असाल तर 2019 आणि 2021 च्या महापुराचं ध्यानात ठेवा. बुडालेली गाडी वरनं चकाचक करून विकतात. हेडलाईट उघडून आत गाळाची रेघ आहे का बघायची, सीटखाली वायरच्या जोडावर हिरवट चढलंय का, स्पोकच्या मुळाशी गंज आहे का. हजार-दोन हजार वाचवायला हे न बघता व्यवहार करू नका.

अंगावर काय घालायचं तर आयएसआयचं फुल फेस हेल्मेट, काच पांढरी. जुनं 2010 चं हेल्मेट घरात असेल तर ते वापरू नका, आतल्या थर्माकोलचा जीव गेलेला असतोय. हातमोजे. घोट्याच्या वरपर्यंत येणारा बूट. कोल्हापुरी चप्पल पायात शोभते, फुटरेस्टवर तिचा चामड्याचा तळ घसरतोय, गियरखाली अंगठा उघडा राहतोय, गाडीवर नको.

आता वहिनींचं. त्यांना भीती वाटते लिहिलंय, वाटू द्या, ती भीती तुमच्या कामाची आहे. निदान सातशे-आठशे किलोमीटर एकट्यानं झाल्याशिवाय मागं कुणी नको. बसवायच्या आधी मैदानात मागं मुलाला बसवून तीच ब्रेकची प्रॅक्टिस परत करा, रेघ पुढं गेलेली दिसेल. मागच्या टायरात हवा कंपनीनं डबलसीटला सांगितलेली, मागचे शॉक एक-दोन खाच कडक. वहिनींना पण हेल्मेट, तुमच्याइतकंच चांगलं. साडी असेल तर पदर आणि निऱ्या खोचून, सारीगार्ड काढून टाकलेली गाडी घेऊ नका, मी चाकात पदर अडकलेला कापून काढलाय, ते परत बघायचं नाही मला. जमलं तर सलवार घालून दोन्हीकडं पाय टाकून बसू द्या, एका बाजूला बसलं की हळू वेगात गाडी त्या बाजूला ओढते. आणि त्यांना सांगा, वळणावर तुमच्या उलट्या बाजूला कलायचं नाही, उजव्या वळणाला तुमच्या उजव्या खांद्यावरनं बघायचं, तेवढं केलं की शरीर आपोआप बरोबर राहतंय.

पहिली फेरी रंकाळ्यापर्यंतच. त्या उतरल्यावर विचारा, कुठं भीती वाटली, आणि वाद घालू नका, त्यांनी जिथं खांदा आवळला तिथं बहुतेक वेळा तुम्हीच उशिरा ब्रेक मारलेला असतोय.

पन्हाळ्याला चढताना तुम्हाला काही अडचण येणार नाही. उतरताना एक जुनी सवय डोकं वर काढेल, आपण सगळेच ती करायचो, पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून वाघबीळपर्यंत गाडी सोडून द्यायची. 195 किलोची गाडी आणि दोन माणसं, इंजिन बंद, सगळा भार ब्रेकवर, ते तापतात आणि खालच्या वळणाला लिव्हर मऊ लागतोय. ज्या गियरात चढला त्याच गियरात उतरा, बहुतेक दुसरा-तिसरा, रेस सोडलेली, इंजिन गाडीला धरून ठेवतंय आणि ब्रेक फक्त वळणाच्या आधी, सरळ असतानाच. दसऱ्याला अजून अकरा आठवडे आहेत, आज गाडी बुक केली तर वेळ पुरेसा आहे. रविवारी सकाळी सहाला शेंडा पार्कला आम्ही असतो, बूट घालून या.